सांध्याची मूठ

१

दुपारी चार वाजता मी चहा पिते आणि बडबडते. नीरजा, माझी धाकटी नात, म्हणाली, "आजी, तू बडबड, मी टाईप करते. पण मध्येच 'ते खोड, दुसरं घाल' असं म्हणायचं नाही." मी कबूल केलं. तेव्हा पुढे जे आहे ते तोंडातून आलं तसंच आहे.

मी लक्ष्मी. शाळेत एकदाच गेलेले, भावाला डबा द्यायला. पण डोंबिवलीपासून ठाण्यापर्यंत आगऱ्यांच्या कुठल्याही जुन्या घरात विचारा, मला ओळखतात. मी धवलारीण. आमच्यात लग्नाला भटजी येतो, घड्याळ बघतो, अक्षता टाकायला सांगतो आणि जेवून जातो. त्याच्या आधीचं सगळं धवलारणीचं. धवले म्हणजे लग्नाची गाणी म्हणायची, पाटाखाली तांदळाचा चौक भरायचा, घरातल्या माणसांची नावं घेऊन त्यांना लग्नाला बोलवायचं. आधी जिवंतांना, मग गेलेल्यांना. चुकायची सोय नसते. एखाद्या घरातल्या चुलत सासऱ्याचं नाव राहिलं तर ती माणसं तीन पिढ्या बोलून दाखवतात. माझ्याकडून आजवर कोणाचं राहिलेलं नाही. एकीचं सोडून. पण ते पुढे.

थोरली नात समृद्धी. ठाण्याला एका ऑफिसात कॉम्प्युटरवर चित्रं काढते. बिस्किटांच्या पुड्यांवरची, साबणांवरची. तिचं लग्न ठरलं वर्तकनगरच्या मयूरशी. पोरगा आपल्यातलाच, पण बिल्डिंगीत वाढलेला, त्यामुळे मासळी बघितली की आधी फोटो काढतो. असो, गुणी आहे.

लग्नाला तीन आठवडे होते. माझे गुडघे तेव्हा अगदीच रुसलेले. खाली बसले की उठवायला आनंदा लागायचा, म्हणजे माझा मुलगा, समृद्धीचा बाप, आणि तो उठवताना स्वतःच 'आई गं' म्हणायचा.

समृद्धी म्हणाली, "आजी, तू तीन तास उकिडवी बसून चौक भरणार? मग माझ्या लग्नात तुला स्ट्रेचरवरून आणायचं का?"

"मग कोण भरणार? मयूर?"

"मी काढते. कॉम्प्युटरवर. तू फक्त सांग, कुठे काय. खोपटला एक जण फ्लेक्सवर छापून देतो. अंथरायचा, बसायचं, झालं."

तांदळाचा चौक छापायचा! माझ्या सासूने ऐकलं असतं तर तिने छापखानाच पेटवला असता. पण मला गंमत वाटली. आणि गुडघ्यांना तर फारच वाटली.

२

दुसऱ्या दिवसापासून रोज चारला आम्ही हॉलमध्ये बसायचो. मी सोफ्यावर, समृद्धी खाली लादीवर, मांडीवर लॅपटॉप. नीरजा चणे खात मध्येमध्ये अक्कल सांगायची.

मी सांगत गेले. मधोमध दोन मोठे चौकोन, एकमेकांना चिकटून. डावा नवरीच्या पाटाचा, उजवा नवऱ्याच्या. दोन्ही कुंकवासारखे लाल. भोवती त्रिकोणांची माळ, एक पांढरा, एक लाल. चार कोपऱ्यांत चार कलश. जे बोटं पन्नास वर्षं करत आली ते तोंडाने सांगायला लागले तर पहिल्या दिवशी फार धांदल झाली. नंतर जमलं.

तिसऱ्या दिवशी समृद्धी म्हणाली, "झालं! बघ."

सुरेख. नुसतं सुरेख. पण माझे डोळे खवट. मी म्हटलं, "ह्या त्रिकोणांच्या मध्ये हिरवं काय दिसतंय? केस पडलाय का?"

"तुला दिसलं?" ती खूशच झाली. "अगं, ह्याने आम्ही ऑफिसात फार वैतागतो. दोन आकार अगदी कडेला कड लावून ठेवले ना, तरी मध्ये अशी रेघ दिसते. फट नसतेच. कॉम्प्युटरची भरायची पद्धत तशी. स्क्रीन म्हणजे बारीक बारीक ठिपके. कड एखाद्या ठिपक्याच्या मधोमध आली की हा आकार तो ठिपका अर्धा झाकतो. मग शेजारचा येतो, तो उरलेल्याचं अर्धं झाकतो."

"म्हणजे पाव उघडा राहिला."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "माझ्या बॉसला हे समजायला आठवडा लागलेला."

"भाकरीचे चतकोर जन्मभर वाटलेत मी. पुढे सांग."

"पुढे काय, त्या पाव ठिपक्यातून मागचं दिसतं. मागे मी हिरवा ठेवलाय, म्हणून रेघ हिरवी. छापताना बहुतेक जातात ह्या रेघा."

मी मान हलवली. मग मधल्या दोन चौकोनांकडे बोट केलं. त्यांच्या मध्येही रेघ होती. "मग हिची का हिरवी नाही?"

ती हिरवी नव्हती. मातकट होती. ओल्या चिखलासारखी.

"लाल आणि हिरवा मिसळला की मातकटच होतो," समृद्धी म्हणाली.

नीरजा म्हणाली, "पण ताई, त्रिकोणात पण लाल आहेच की."

समृद्धीने मागचा रंग बदलून निळा केला. सगळ्या रेघा एका क्षणात निळसर झाल्या. मधली तशीच राहिली. मग पिवळा केला. सगळ्या पिवळ्या. मधली मातकट.

"हँग झालाय," ती म्हणाली आणि लॅपटॉप बंद करून परत चालू केला. तोवर मी दुसरा चहा टाकला. आले तर नीरजाचे चणे तसेच पडलेले. नीरजा चणे सोडते म्हणजे काहीतरी बिनसलेलं असतं.

३

"हे बघ आजी," समृद्धी म्हणाली, पण माझ्याशी नाही, स्वतःशीच बोलत होती. "ही रेघ खरी नसते, त्याची खूण असते. चित्र कितीही मोठं केलं तरी ती तेवढीच बारीक राहते. खरी फट असती तर चित्राबरोबर मोठी झाली असती."

तिने दोन त्रिकोण मोठे केले. आधी ताटाएवढे, मग इतके की स्क्रीनवर नुसता लाल आणि पांढरा उरला, आणि मधली रेघ केसाएवढीच. खरंच. मला ते फार आवडलं. जे नाहीच ते वाढणार कसं?

मग ती मधल्या चौकोनांवर आली. मोठं केलं. केस होता त्याचा दोरा झाला. अजून मोठं केलं. सुतळी झाली. अजून. बोट आत जाईल एवढी.

"मीच चुकले असेन," ती म्हणाली. "चौकोन लांब ठेवला गेला असेल." तिने बाजूचे आकडे बघितले. एका चौकोनाची कड जिथे संपत होती बरोबर तिथेच दुसऱ्याची सुरू होत होती. तिने दोनदा बघितलं. नीरजाने तिसऱ्यांदा वाचून दाखवलं.

मी पुढे वाकले. मोतीबिंदू काढून दोन वर्षं झालीत, दोन्ही डोळे कोऱ्या काचेसारखे. फटीत नुसता रंग नव्हता. तुडवलेला चिखल होता. मिठागराचा हंगाम सुरू व्हायच्या आधी आम्ही बायका वाफ्यांचा तळ पायांनी तुडवून घट्ट करायचो, तसा. टाचांचे ठसे एकापाशी एक. आणि ठशांत पाणी चमकत होतं, म्हणजे ते आत्ताचे होते.

"तुम्हाला काय दिसतंय?" मी विचारलं.

"ब्राऊन," समृद्धी म्हणाली.

"चॉकलेट," नीरजा म्हणाली. तिला कुठेही चॉकलेट दिसतं.

मी स्वतःला समजावलं. लक्ष्मी, तुझं वय झालं. ढगात हत्ती दिसतो, डाळीत चेहरा दिसतो, तसा हा चिखल. तेवढ्यात आवाज ऐकू आला. थप-थप. मग थांबून, थप. परत थप-थप. मग थांबून, थप.

"वर वॉशिंग मशीन लावलंय का कोणी?" मी विचारलं.

"आईने लावलं असेल," नीरजा म्हणाली.

गुडघे धरत मी जिना चढले. हे मी सहसा करत नाही. मशीनचं झाकण उघडं होतं, आत कोरडं ठणठणीत, आणि प्लग भिंतीतून काढून वर ठेवलेला. सून टेरेसवर पापड वाळत घालत होती.

मी टेरेसवरच तिला पापड उलटायला मदत केली. बराच वेळ. खाली जायची घाई वाटत नव्हती.

४

तो आवाज मला माहीत होता. तसं तुडवणारी एकच होती. दोन पावलं भराभर टाकायची, मग थांबायची, कारण तिला हसू यायचं. मग एक पाऊल, आणि परत दोन. मुकादम चिडायचा.

बामी. माझी नणंद. माझ्या नवऱ्याची, काळुरामची धाकटी बहीण. मी लग्न होऊन आले तेव्हा ती माझ्याच वयाची होती, सासरी मला पहिल्यांदा कोणी हसवलं असेल तर तिने. सासूची हुबेहूब नक्कल करायची, सासूच्या पाठीमागे उभी राहून. मी डोक्यावरचा पदर दातात धरून हसू दाबायचे आणि बोलणी खायचे मीच.

बावन्न वर्षं झाली. बामीला हळद लागलेली, दुसऱ्या दिवशी लग्न. सकाळी अकराच्या उन्हात, हळदीच्या अंगाने, ती म्हणाली, "वहिनी, मी जरा बांधावर जाऊन येते गो." हळद लागलेली मुलगी घराबाहेर पडत नाही. मी तिला अडवायला हवं होतं. पण ती डोळे मिचकावून बोलली, तर मला वाटलं, हिचं काहीतरी खूळ असेल. मी म्हटलं, "पटकन ये."

आली नाही. मिठागरं शोधली, खाडी शोधली, विठ्ठलवाडीला तिची मावशी होती तिथे माणूस पाठवला. काही नाही. बुडाली म्हणावं तर सापडली नाही. पळून गेली म्हणावं तर कोणाबरोबर? सगळ्यांची पोरं ज्याच्या त्याच्या घरी होती.

पुढच्या वर्षी घरात लग्न निघालं. सासू धवलारीण, मी तिच्या हाताखाली शिकत होते. मी विचारलं, "आत्या, बामीचं नाव कुठे घ्यायचं?"

सासू म्हणाली, "नाय घ्यायचं. जित्यांत घेतलं तर आवतण कुठे धाडशील? मेलेल्यांत घेतलंस तर तूच तिला मारलीस."

तेव्हापासून मी ह्या घराची नावं घेते. जिवंतांची यादी संपते, गेलेल्यांची सुरू होते, कडेला कड लावून, आणि बामी दोन्हींत नाही. काळुराम गेला तोपर्यंत तिच्याबद्दल एक शब्द बोलला नाही. त्याने अर्धं झाकलं, मी उरलेल्याचं अर्धं.

त्या टेरेसवर पापड उलटताना मला भीती वाटली ती ह्याची. बामीला हळद लागली, पण तिचा पाट मांडायचा राहिला. आणि आता पाट मांडायचा होता माझ्या नातीचा, त्याच घरात, त्या फटीला लागूनच्या चौकोनावर. समृद्धी तिथे पाय ठेवणार. बसेल ती, पण उठेल कोण?

सून म्हणाली, "आई, तो पापड तुम्ही चौथ्यांदा उलटताय."

५

खाली आले तर समृद्धी हसत होती. "सुटलं! अशा वेळी आम्ही एक युक्ती करतो. दोन्ही आकारांच्या खाली त्याच रंगाची एक पट्टी सरकवायची. मग पाव उघडं राहिलं तरी खालचं लालच दिसतं. बघ, गेली रेघ."

गेली होती. आणि मला एकदम काहीतरी आठवलं.

हाताने चौक भरताना दोन्ही चौकोन झाले की मधल्या सांध्यावर तांदळाची एक मूठ सोडायची असते. ती ह्या चौकोनाची नाही, त्याचीही नाही. सांध्याची मूठ. सासूने मला ती शिकवली तेव्हा तोंडाने काहीच बोलली नव्हती, माझं मनगट धरून सोडायला लावली. हाताला ठाऊक होतं, म्हणून समृद्धीला सांगताना ते माझ्या जिभेवर आलंच नाही. चारशे-पाचशे लग्नांत जी फट एकदाही उघडी ठेवली नव्हती, ती ह्या वेळी मी सोफ्यावर बसून उघडी ठेवली.

"छान केलंस गो बाय," मी म्हटलं. पट्टी तिची होती, मूठ माझी राहिलेलीच होती.

शनिवारी आम्ही दोघी खोपटला गेलो. एसटी डेपोच्या मागच्या गल्लीत गोपीनाथचं दुकान. बाहेर वाढदिवसांचे फ्लेक्स टांगलेले, सगळ्यांना काळे चष्मे. गोपीनाथ बोलका माणूस.

"आज्जी, तुमचा चौक एक नंबर! मी पोरांना म्हटलं, असं डोकं आता मिळणार नाही." त्याने गुंडाळी सोडून जमिनीवर पसरली.

मधोमध, लालवर, वरपासून खालपर्यंत बारीक मातकट रेघ.

"ही फाईलमध्ये नाहीये," समृद्धी म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला.

"नाहीचे ना मॅडम. मी पण बघितलं. मशीनचं डोकं खराब असेल म्हणून दुसऱ्या मशीनवर मारला. हा दुसराच आहे." त्याने पहिला पसरला. तशीच रेघ. "थांबा, शाई ओली असेल." त्याने रेघेवर बोट फिरवलं, बोट उजेडात धरलं. बोटाला रंग नव्हता. नुसतं ओलं होतं. त्याने वास घेतला आणि नाक मुरडलं. "खाडीचा वास येतोय राव." मग वर बघितलं. "एसी गळत असेल."

एसी दुकानाच्या दुसऱ्या टोकाला होता. ते आम्ही तिघांनीही बघितलं, आणि तिघांनीही 'हो, एसीच' म्हटलं.

रिक्षात समृद्धी म्हणाली, "आजी, राहू दे तो फ्लेक्स. साधे दोन पाट ठेवू."

"पाट पण शेजारी-शेजारीच ठेवशील ना?"

तिने माझा हात धरला. लहानपणी रस्ता ओलांडताना धरायची तसा. तेव्हा मला कळलं, हिलाही तो आवाज ऐकू येतोय.

"चौकावरच बसायचंस तू," मी म्हटलं. "मी बघते."

६

लग्न दुपारी बारा बावन्नचं. दारातच मांडव. आनंदाने डीजे सांगितलेला, त्याचे आवाज एवढे की मांडवाच्या बांबूंवर बसलेले कावळे विठ्ठलवाडीला पोचले असतील. वर्तकनगरची मंडळी आली तीच नाचत. मयूरच्या आत्याने माझ्या सुनेला ओढलं, सुनेने आनंदाला, आनंदाने भटजीला. भटजी दोन मिनिटं नाचला, मग घड्याळ बघून सोवळं सावरलं. मीही खुर्चीत बसून हात वर केले. का नाही करायचे? घरचं लग्न.

मग डीजे बंद करायला लावला. हॉलच्या मधोमध चौक अंथरला. सगळे म्हणाले वा, वा. लांबून रेघ दिसतच नव्हती.

मी आनंदाला म्हटलं, "मला खाली बसव." त्याने बसवलं, आम्ही दोघांनी 'आई गं' म्हटलं, पाहुणे हसले. मी चौकाच्या कडेला, फटीच्या टोकाशी. ओटीत तांदूळ.

जवळून ती केस नव्हती. दोरा होती. मी वाकले तशी सुतळी झाली. वास आला, मिठाचा, उन्हाने तापलेल्या चिखलाचा. मी नावं घ्यायला सुरुवात केली. जिवंतांची, थोरांपासून लहानांपर्यंत, सुरात. आत तुडवणं चाललं होतं. थप-थप. थांबून, थप. पण आता लांब नव्हतं. माझ्या सुराला धरून होतं. माझ्याच सुराला.

समृद्धी आणि मयूर पलीकडे उभे. नावं संपली की चौकावर पाय ठेवायचे, आधी नवरीने. जिवंतांतलं शेवटचं नाव नीरजाचं. ते घेतलं. आता श्वास घ्यायचा आणि गेलेल्यांतलं पहिलं नाव घ्यायचं, सासऱ्यांचं. पन्नास वर्षं मी तिथे श्वास घेतेय.

समृद्धीने पाय उचलला. नवी नवरी, घाबरलेली, तिचं गणित चुकलं, नावं संपली असं वाटलं तिला. मेंदीचा पाय चौकोनावर यायला लागला, आणि त्याच वेळी फटीतून, खालून, बोटं आली. चार. नखांत सुकलेली हळद. नवरीच्या चौकोनाची कड त्यांनी धरली, जशी विहिरीच्या काठाला धरतात.

मी श्वास घेतला नाही. त्या श्वासाच्या जागी म्हटलं, "बामी. ये गो बाय. तुझी मूठ घे."

आणि तांदूळ सोडले.

तांदूळ फ्लेक्सवर पसरले नाहीत. जात्याच्या तोंडात जावेत तसे गेले, सरळ खाली, शेवटच्या दाण्यापर्यंत. बोटं हलली. वर नाही आली. नवरीच्या चौकोनाची कड ओढून त्यांनी नवऱ्याच्या चौकोनावर आणली, गोधडीची कड आत दुमडतात तशी, आणि खालून धरून ठेवली. रेघ मिटली. समृद्धीचा पाय लालवर टेकला.

मी सासऱ्यांचं नाव घेतलं. मागच्या बायकांना वाटलं, म्हातारीला दम लागला, म्हणून मध्ये काहीतरी पुटपुटली.

समृद्धी बसली. माझ्याकडे वाकून हळूच म्हणाली, "आजी, ह्याच्या खाली मऊ काही घातलंयस का?"

"हो," मी म्हटलं. "नीट बस."

बारा बावन्नला अक्षता पडल्या. समृद्धीच उठली. मी तिचा चेहरा दोन्ही हातांत धरून बघितला, डाव्या भुवईवरची खूण बघितली, पाच वर्षांची असताना झोपाळ्यावरून पडली तेव्हाची. समृद्धीच. मी एवढी रडले की मयूर घाबरून म्हणाला, "आजी, आम्ही पंधरा किलोमीटरवर राहतो हो."

७

आता माझी चूक सांगते. नीरजा, हे नीट लिही.

लग्न झालं की धवलारीण सगळ्यांना परत पाठवते. जिवंतांना पानसुपारी देऊन, गेलेल्यांना धवल्यातून, एकेकाचं नाव घेऊन, ज्याला जिथून बोलावलं तिथे. मी पाठवलं. जिवंत गेले, डीजेवाला गेला, गेलेले गेले. रात्री अंगाला तेल चोळताना माझ्या लक्षात आलं, बामीला मी दोन्ही याद्यांच्या मध्ये बोलावलं. तिथून पाठवायचा धवला मला येत नाही. कोणालाच येत नाही. कारण तिथून आजवर कोणाला बोलावलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फ्लेक्स गुंडाळला. आनंदा म्हणाला, खाली लादी ओली कशी? पुसली तर वाळल्यावर पांढरी झाली. मीठ. चौकोनी.

आता दीड महिना झाला. घरात तसं काही नाही. हॉलच्या मधोमध दोन लाद्यांमध्ये सिमेंटची रेघ आहे, सगळ्या लाद्यांमध्ये असते तशीच. दुपारी मी सोफ्यावर चहा घेते आणि दुसरा कप त्या रेघेपाशी ठेवते. सून म्हणते, आई, पाय लागेल कोणाचा. पण कोणाचा लागत नाही, सगळे वळसा घालून जातात. कशाला ते त्यांनाही ठाऊक नाही. कप धुवायला उचलते तेव्हा चहा असतो तेवढाच असतो. खारट होतो फक्त.

आवाज येतो कधीकधी. थप-थप, थांबून, थप. थांबते तेव्हा मला माहीत असतं ती का थांबली. परवा सून रागाने फोनवर बोलत होती, आणि तिच्या पाठीमागे, खालून, तिचंच बोलणं कोणीतरी हळू करून दाखवलं. हुबेहूब. मी पदर दातात धरला. बावन्न वर्षांनी.

रविवारी समृद्धी आणि मयूर जेवायला आले. समृद्धी चपला काढून हॉलमध्ये आली, आणि लादीवर वाकून म्हणाली, "आजी, ही रेघ एवढी रुंद कधी झाली?"

"लांबून बघ," मी म्हटलं. "लांबून बारीकच आहे."

तिने लांबून बघितली. मग माझ्या शेजारी येऊन बसली, आणि जेवण होईपर्यंत माझा हात सोडला नाही.

चहा संपला. बास झालं आजचं. नीरजा मघापासून पाय वर घेऊन बसलीये. डास आहेत म्हणते. डास नाहीत. पाय खाली सोड, गो बाय. बामी काही करत नाही. तिला धरून ठेवायची सवय लागलीये, एवढंच.